बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (जन्म : ३ जून १८९०, कोल्हापूर; मृत्यू : १६ जानेवारी १९५४, कोल्हापूर) हे मराठी चित्रकार, शिल्पकार, नेपथ्यकार आणि भारतीय मूकपटाच्या आरंभकाळातील एक अग्रगण्य चित्रपट दिग्दर्शक होते. कोल्हापूर येथील महाराष्ट्र फिल्म कंपनीचे ते संस्थापक होत. ‘सैरंध्री’ (१९२०), ‘सिंहगड’ (१९२३), ‘कल्याण खजिना’ (१९२४) व ‘सावकारी पाश’ (१९२५) हे त्यांचे विशेष गाजलेले मूकपट. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे पुढे नावारूपाला आलेले चित्रपटकार त्यांच्याच तालमीत तयार झाले. ‘कलामहर्षी’ या उपाधीने त्यांचा उल्लेख केला जातो.

दादासाहेब फाळके यांनी भारतात कथाचित्रपटाचा पाया घातला. त्या पायावर चित्रकाराच्या दृष्टीने इमारत रचण्याचे काम बाबूरावांनी केले, असे सामान्यतः मानले जाते. मात्र त्यांच्या मूकपटांपैकी त्रोटक अंश वगळता जवळजवळ काहीच आज पाहावयास मिळत नाही. त्यामुळे त्यांच्या कार्याचे मूल्यमापन समकालीनांच्या आठवणी, भित्तिपत्रके, स्थिरचित्रे आणि शिष्यांचे पुढील चित्रपट यांच्या आधारे करावे लागते. त्यांच्याविषयी वाचताना ही मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

बालपण व कलाशिक्षण

बाबूरावांचा जन्म कारागिरांच्या घराण्यात झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम अशा अनेक कामांत निष्णात होते. ‘मेस्त्री’ हे आडनावच या हस्तकौशल्याची साक्ष देते. बाबूरावांनी कोणत्याही कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतले नाही. घरातील हत्यारे, वडिलांची कामे आणि सभोवतालचे कलाविश्व हीच त्यांची शाळा होती. त्यांचे चुलतबंधू आनंदराव हेही तसेच प्रतिभावान चित्रकार होते. दोघांनी मिळून रंगकाम सुरू केले आणि लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणून ओळखू लागले. व्यवसायावरून पडलेले हे नावच पुढे कायम झाले.

त्या काळचे कोल्हापूर हे कलावंतांना पोषक असे संस्थान होते. राजर्षी शाहू महाराजांनी गायक, मल्ल, चित्रकार आणि नाटक मंडळ्या यांना उदार आश्रय दिला होता. अबालाल रहिमान यांच्यासारखे श्रेष्ठ चित्रकार तेथे कार्यरत होते. १९१५ मध्ये महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर (आजचे केशवराव भोसले नाट्यगृह) हे त्या आस्थेचेच एक फळ होय. अशा वातावरणात आनंदराव व बाबूराव यांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविण्याचे काम हाती घेतले. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श नाटक मंडळीसाठी त्यांनी रंगविलेल्या पडद्यांची विशेष वाहवा झाली. राजवाडा, अरण्य, रस्ता, देवालय अशी दृश्ये सपाट कापडावर रंगवून त्यांत खोलीचा आभास निर्माण करणे ही त्या कामाची कसोटी असे. पुढे चित्रपटात बाबूरावांनी जे साधले त्याचा उगम येथे आहे. तसेच जे त्यांनी टाळले, म्हणजे रंगविलेल्या पडद्याचा कृत्रिमपणा, त्याची जाणीवही त्यांना याच कामातून झाली असावी.

कॅमेऱ्याची घडण

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. स्थिर चित्रात आयुष्य वेचणाऱ्या या दोन बंधूंना ‘हलत्या चित्रां’नी भारून टाकले. त्यांनी एक जुना प्रक्षेपक मिळविला व कोल्हापुरात ‘डेक्कन सिनेमा’ नावाने चित्रपट दाखविण्यास आरंभ केला. इतरांचे चित्रपट दाखवीत असतानाच आपण स्वतः चित्रपट काढावा, अशी इच्छा त्यांच्या मनात दृढ झाली.

अडचण कॅमेऱ्याची होती. परदेशी बनावटीचा कॅमेरा विकत घेणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते, आणि पहिल्या महायुद्धामुळे परदेशी यंत्रसामग्री मिळणेही दुर्घट झाले होते. तेव्हा कॅमेरा आपणच तयार करावा, असे त्यांनी ठरविले. आज हा संकल्प धाडसी वाटतो; त्या काळी तो बहुतेकांना अशक्य वाटला असेल. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात चित्रफीत सलग सरकत नाही. ती एका चौकटीपुरती पुढे येते, क्षणभर स्थिर राहते, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत येतो, झडप मिटते आणि फीत पुन्हा पुढे ओढली जाते. मूकपटाच्या काळात हाताने मूठ फिरवून ही क्रिया सेकंदाला सुमारे १६ वेळा घडवून आणावी लागे. फितीच्या कडेची छिद्रे आणि त्यांत अडकणारे दाते यांचा मेळ केसभर जरी चुकला, तरी पडद्यावरील चित्र थरथरते. असे सूक्ष्म दातेरी भाग बिनचूक कातून घेणे हे या कामातील खरे आव्हान होते.

या खटपटीत असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याच्या साहाय्याने त्यांनी १९१८ मध्ये चालता कॅमेरा सिद्ध केला. भारतात, भारतीय कारागिरांच्या हातून घडलेला चित्रपटाचा पहिला कॅमेरा म्हणून त्याची नोंद केली जाते. कारागिराच्या घरातील हस्तकौशल्य आणि चित्रकाराची दृष्टी यांचा हा संगम बाबूरावांच्या पुढील सर्व कार्यात दिसून येतो.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात बाबूरावांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. संस्थानातील सुप्रसिद्ध गायिका तानीबाई कागलकर यांनी कंपनीच्या उभारणीसाठी आर्थिक साहाय्य केले. शाहू महाराजांचा कलाश्रयही या प्रयत्नामागे होता. मराठी चित्रपटाच्या या पहिल्या उभारणीत एका गायिकेच्या पैशाचा वाटा होता, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते.

कंपनीची रचना कारखान्यापेक्षा गुरुकुलाच्या जवळची होती. येथे आलेल्या तरुणाला कोणतेही एकच काम नेमून दिलेले नसे. तो पडदे रंगवी, देखावे उभारी, रसायनशाळेत फीत धुई, मूठ फिरवी आणि गरज पडल्यास चेहऱ्याला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभा राही. १९०१ मध्ये जन्मलेले शांताराम वणकुद्रे १९२० मध्ये कंपनीत आले ते अशाच पडेल त्या कामासाठी. ‘सुरेखा हरण’ (१९२१) या मूकपटात त्यांना श्रीकृष्णाची भूमिका मिळाली. हेच पुढे व्ही. शांताराम या नावाने प्रसिद्ध झाले. बाबूराव पेंढारकर हे कंपनीचे व्यवस्थापन पाहत. दामले व फत्तेलाल हे छायालेखन, कला आणि तांत्रिक बाजू सांभाळीत.

सैरंध्री

कंपनीचा पहिला मूकपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. महाभारतातील विराटपर्वात अज्ञातवासातील द्रौपदी ‘सैरंध्री’ या नावाने राणीची दासी म्हणून राहते. तिच्यावर वाईट नजर ठेवणाऱ्या कीचकाचा भीम वध करतो. या कथेला त्या काळी केवळ पौराणिक अर्थ नव्हता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकात प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन यांना पाहिले होते आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली होती. तेच कथानक पडद्यावर आणणे म्हणजे प्रेक्षकांच्या स्मृतीला हात घालणे होते.

या मूकपटात झुंझारराव पवार यांनी कीचकाची व बाळासाहेब यादव यांनी भीमाची भूमिका केली. कीचकवधाचे दृश्य इतके परिणामकारक उतरले होते की त्यावर सरकारी आक्षेप येऊन ते गाळावे लागले. चित्रपट परीक्षण मंडळे भारतात नुकतीच अस्तित्वात येत होती तो हा काळ. लोकमान्य टिळकांनी हा मूकपट पाहून बाबूरावांचा गौरव केला आणि त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच, १ ऑगस्ट १९२० रोजी, लोकमान्यांचे निधन झाले.

‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, हेही उल्लेखनीय आहे. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली होती. फाळके यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) या मूकपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले होते. तेव्हा ‘सैरंध्री’तील अभिनेत्री पहिल्या नव्हेत. तरीही स्त्रीने पडद्यावर येणे हे समाजाच्या दृष्टीने अप्रतिष्ठेचेच होते. गुलाबबाई व अनसूयाबाई या दोघींनी अनुक्रमे कमलादेवी व सुशीलादेवी ही नावे घेऊन या मूकपटात काम केले आणि त्याबद्दल त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या यशाची किंमत या स्त्रियांनीही मोजली आहे.

ऐतिहासिक मूकपट

पौराणिक कथांच्या जोडीने बाबूरावांनी मराठ्यांच्या इतिहासाकडे मोर्चा वळविला. ‘सिंहगड’ (१९२३) हा मूकपट हरी नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारित होता. तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा सर केल्याची ही कथा. यात शांतारामांनी शेलारमामांची भूमिका केली होती.

‘सिंहगड’ची तांत्रिक कामगिरी समजण्यासाठी त्या वेळची चित्रीकरणाची रीत ध्यानात घ्यावी लागते. तेव्हा भारतात बहुतेक सर्व चित्रीकरण सूर्यप्रकाशात होई. स्टुडिओला छप्पर नसे, किंवा असलेच तर कापडाचे असे. ऊन प्रखर झाले की वर पातळ कापड ताणायचे, कमी पडले की पांढरे फळे वा आरसे धरून ते पात्रांच्या चेहऱ्यावर वळवायचे, ही रीत होती. ‘सिंहगड’ची मुख्य घटना मात्र रात्रीची. कड्यावरून चढणे, अंधारातील झुंज, मशालींचा उजेड हे सारे पडद्यावर खरे वाटावे म्हणून बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा वापर केला. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा असा हेतुपुरस्सर वापर करणाऱ्या आरंभीच्या चित्रपटांत त्याची गणना होते. प्रेक्षकांची अलोट गर्दी पाहूनच सरकारचे लक्ष करमणूक कराकडे वळले, असे या मूकपटाविषयी परंपरेने सांगितले जाते. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ मध्येच आला, एवढे मात्र निश्चित.

‘कल्याण खजिना’ (१९२४) मध्ये कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेचा शिवाजी महाराजांनी सन्मान केल्याची सुप्रसिद्ध कथा होती. या मूकपटाचे बाबूरावांनी स्वतः तयार केलेले भित्तिपत्रक आज भारतीय चित्रपटाच्या उपलब्ध भित्तिपत्रकांत सर्वांत जुन्यांपैकी एक मानले जाते. चित्रपट नष्ट झाला आणि त्याची जाहिरात मागे उरली, असा हा विपरीत योग आहे.

सावकारी पाश

बाबूरावांच्या कीर्तीचा खरा आधार ‘सावकारी पाश’ (१९२५) हा मूकपट होय. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर तो आधारलेला होता. कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी गाव सोडून शहरात जातो आणि गिरणी कामगार होतो, हे त्याचे मध्यवर्ती सूत्र. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी आणि सावकाराची झुंझारराव पवार यांनी केली होती. देव, दानव, राजे आणि सरदार यांनी गजबजलेल्या पडद्यावर कर्जबाजारी कुणबी नायक म्हणून आला, ही त्या काळी अपूर्व घटना होती.

हा विषय महाराष्ट्राला परका नव्हता. सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी सावकारांकडून कर्जरोखे हिसकावून घेऊन जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस लागू होता. कर्जाचा कागद, त्यावरचा अंगठा आणि न्यायालयाचा हुकूमनामा यांच्या साखळीत शेतकरी कसा गुरफटतो, हे गावोगावच्या लोकांना अनुभवाने ठाऊक होते.

खानदेशातील वाचकाला हे कथानक विशेष जवळचे वाटेल. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व खानदेश (मुख्य ठाणे जळगाव) व पश्चिम खानदेश (मुख्य ठाणे धुळे) असे विभाजन झाले. कपाशी हे या प्रदेशाचे प्रमुख नगदी पीक. बियाणे, मजुरी आणि घरखर्च यांसाठी पीक हाती येण्यापूर्वीच पैसा लागे आणि तो सावकाराकडून उचलावा लागे. पीक बुडाले किंवा भाव पडला की व्याज मुद्दलात मिसळे. याच कपाशीवर जळगाव, अमळनेर, धुळे व चाळीसगाव येथील कापडगिरण्या चालत. शेत सुटलेला माणूस गिरणीच्या भोंग्यावर उठणारा कामगार झाला, हा ‘सावकारी पाश’मधील प्रवास खानदेशात पडद्याबाहेरही घडत होता. तत्कालीन पश्चिम खानदेशातील भिल्ल शेतकऱ्यांच्या जमिनी कर्जापायी हातच्या गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून शहादे परिसरात (आता नंदुरबार जिल्हा) १९७० नंतर श्रमिक संघटनेच्या नेतृत्वाखाली आदिवासींचे मोठे आंदोलन उभे राहिले. मूकपट प्रदर्शित झाल्यानंतर जवळजवळ अर्धशतकानेही त्याचा विषय जिवंत होता, हे यावरून लक्षात येईल.

‘सावकारी पाश’च्या शैलीविषयी समकालीनांनी लिहून ठेवलेल्या आठवणींत वास्तवदर्शनावर भर आढळतो. चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणात मंद प्रकाशात चित्रित केलेली एक उदास झोपडी आणि तिच्याबाहेर विव्हळणारा कुत्रा हे दृश्य अनेक वर्षे राहिले. चित्रपट मूक होता. कुत्र्याचा आवाज प्रेक्षकाने ऐकलेला नव्हता. तरी तो आवाज लक्षात राहावा, ही त्या चित्ररचनेची ताकद म्हणावी लागेल.

व्यावसायिक दृष्ट्या मात्र हा मूकपट यशस्वी झाला नाही. पौराणिक चमत्कार व ऐतिहासिक पराक्रम पाहण्यास येणाऱ्या प्रेक्षकाला स्वतःच्याच दारिद्र्याचे दर्शन रुचले नाही. बाबूरावांना पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळावे लागले. पुढे १९३६ मध्ये त्यांनी शालिनी सिनेटोनसाठी हीच कथा बोलपटाच्या रूपाने पुन्हा सादर केली. अपयशी ठरलेला विषय ११ वर्षांनी पुन्हा हाती घेण्यावरून त्यांची त्यावरील निष्ठा दिसते. जमीन गमावून शहरात कष्ट करणाऱ्या शेतकऱ्याचे कथासूत्र बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ (१९५३) या चित्रपटामुळे देशभर परिचित झाले. ते त्याआधी २८ वर्षे एका मराठी दिग्दर्शकाने मांडले होते.

दिग्दर्शनशैली

बाबूरावांच्या शैलीची पुढील वैशिष्ट्ये अभ्यासकांनी नोंदविली आहेत.

त्रिमितीय नेपथ्य : आरंभीच्या मूकपटांत नाटकाप्रमाणे रंगविलेले पडदे पार्श्वभूमीला टांगले जात. बाबूरावांनी त्याऐवजी भरीव खांब, भिंती, पायऱ्या व दालने उभारली. त्यामुळे पात्रांना देखाव्याच्या आत वावरता येऊ लागले आणि प्रकाश व सावली यांना अर्थ आला.

पूर्वरेखाटन : चित्रीकरणापूर्वी ते दृश्यांची, वेशभूषेची व पात्रांच्या हालचालींची रेखाटने करीत. पात्राने कसे उभे राहावे, कोणत्या बाजूने उजेड यावा, हे कागदावर आधी ठरत असे.

रंगांचे गणित : त्या काळची कृष्णधवल फीत सर्व रंगांना सारखी संवेदनशील नव्हती. तांबडा रंग तिच्यावर जवळजवळ काळा उमटे, तर निळा फिकट दिसे. म्हणून देखावे, वस्त्रे आणि चेहऱ्याचे रंग डोळ्यांना कसे दिसतात यापेक्षा फितीवर कसे उतरतील याचा विचार करणे भाग असे. रंगांची जाण असलेल्या चित्रकाराला या कामात स्वाभाविकच लाभ झाला.

संयत अभिनय : नाटकी हातवारे कमी करून मुद्राभिनयावर भर देण्याचा त्यांचा प्रयत्न होता. व्ही. शांताराम यांनी गुरूंच्या या दृष्टीचे ऋण पुढे मान्य केले आहे.

प्रसिद्धीकला : चित्रपटाची भित्तिपत्रके स्वतः रंगविणे आणि कथासार व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढणे, या प्रथा रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

प्रभातची स्थापना व कंपनीचा अस्त

१९२७ मध्ये शांतारामांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला. दामले व फत्तेलाल यांनी ‘महारथी कर्ण’ (१९२८) केला. शिष्य आता स्वतंत्रपणे काम करण्यास समर्थ झाले होते. शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर हे कंपनीतून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलाच्या साहाय्याने त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये प्रभात पुण्यास गेली. आपले प्रमुख सहकारी एकाच वेळी गमावल्यानंतर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार काळ टिकली नाही. १९३१ मध्ये बोलपट आला आणि ध्वनिमुद्रणाच्या खर्चिक तंत्रासमोर मूकपटाच्या अनेक कंपन्यांप्रमाणे हीही कंपनी लयास गेली.

या फुटीकडे केवळ गुरुद्रोह म्हणून पाहणे योग्य नाही, तसेच तिची झळ बाबूरावांना लागली नाही असेही म्हणता येणार नाही. गुरुकुलाची रचना शिष्य घडविण्यास उत्तम असली, तरी सर्व निर्णय एका हाती असल्यामुळे घडलेल्या शिष्यांना तेथे जागा अपुरी पडू लागते. प्रभातने मालकीची भागीदारी पद्धत स्वीकारली, यात या अनुभवाचा धडा दिसतो.

बोलपटाचा काळ

बोलपटाच्या काळात बाबूरावांनी मोजकेच चित्रपट दिग्दर्शित केले. शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी ‘उषा’ (१९३५), ‘सावकारी पाश’ (१९३६) व ‘प्रतिभा’ (१९३७) हे चित्रपट केले. चित्राच्या भाषेत विचार करणाऱ्या या दिग्दर्शकाला संवाद व पदांनी भरलेल्या बोलपटात पूर्वीचे स्थान पुन्हा मिळाले नाही. या काळात त्यांनी चित्रकला व शिल्पकला यांत अधिक काम केले.

१९४७ मध्ये व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराने ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट काढला. दिग्दर्शक म्हणून त्यावर बाबूराव पेंटर व व्ही. शांताराम या दोघांची नावे आहेत. जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांच्या भूमिका, ग. दि. माडगूळकर यांचे लेखन आणि वसंत देसाई यांचे संगीत यांमुळे हा चित्रपट अत्यंत लोकप्रिय झाला व मराठीतील तमाशाप्रधान चित्रपटांची परंपरा त्याने सुरू केली. १८ वर्षांपूर्वी दुरावलेले गुरुशिष्य या निमित्ताने एका श्रेयनामावलीत एकत्र आले. ‘विश्वामित्र’ (१९५२) हा त्यांच्या अखेरच्या काळातील चित्रपट. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले.

चित्रपटांचा नाश

मूकपटाच्या काळातील चित्रफिती नायट्रोसेल्युलोज या द्रव्याच्या असत. हे द्रव्य अत्यंत ज्वालाग्राही असून उष्ण व दमट हवेत त्याचे आपोआप विघटन होते. फीत प्रथम चिकट होते, नंतर तिची भुकटी होते. शिवाय फितीवरील लेपात चांदी असल्यामुळे, प्रदर्शनातून बाद झालेल्या फिती चांदी काढण्यासाठी विकल्या जात. प्रतीही मोजक्याच काढलेल्या असत आणि त्या गावोगावच्या तंबूंतून झिजेपर्यंत फिरत. बोलपट आल्यावर मूकपटाला बाजारात किंमत उरली नाही. चित्रपट जपून ठेवावयाची वस्तू आहे ही जाणीव रुजण्यास वेळ लागला. पुणे येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे बाबूरावांच्या मृत्यूनंतर १० वर्षांनी.

भारतात सुमारे १,३०० मूकपट निर्माण झाले असे मानले जाते. त्यांतील अगदी थोडे, आणि तेही बहुधा खंडित स्वरूपात, शिल्लक आहेत. ‘सैरंध्री’तील नेपथ्य, ‘सिंहगड’मधील रात्र आणि ‘सावकारी पाश’मधील झोपडी यांचे वर्णन करता येते, पण ती पुन्हा दाखविता येत नाहीत. म्हणूनच बाबूरावांच्या बाबतीत ‘पहिला’ हे विशेषण वापरताना सावधगिरी बाळगणे इष्ट ठरते. तुलनेसाठी आवश्यक असलेले इतरांचे चित्रपटही त्याच वाटेने नष्ट झालेले आहेत.

वारसा

बाबूरावांचा सर्वांत ठळक वारसा त्यांच्या शिष्यांच्या कामात आढळतो. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ (१९३६) या प्रभातच्या बोलपटाची १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात प्रशंसा झाली. त्यातील साधेपणा, ग्रामीण घराचे अस्सल चित्रण आणि नेपथ्याची सूक्ष्म जाण या गुणांचे मूळ महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या शिकवणुकीत शोधता येते. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’ (१९३७) व ‘माणूस’ (१९३९) या सामाजिक चित्रपटांच्या मागेही ‘सावकारी पाश’चा अनुभव उभा आहे. ‘कुंकू’ हा नारायण हरी आपटे यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारित होता. प्रभातचा पुण्यातील स्टुडिओ पुढे चित्रपट शिक्षण संस्थेचे घर झाला (१९६०). अशा रीतीने कोल्हापुरातील गुरुकुलाची परंपरा अप्रत्यक्षपणे देशाच्या चित्रपट शिक्षणापर्यंत पोहोचली.

कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे कॅमेऱ्याचा स्मृतिस्तंभ उभारण्यात आला आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी ही संस्था त्यांच्या नावाने चित्रपट रसग्रहणाचे काम करते, आणि कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो.

निवडक चित्रपट

मूकपट : सैरंध्री (१९२०), सुरेखा हरण (१९२१), सिंहगड (१९२३), कल्याण खजिना (१९२४), सती पद्मिनी (१९२४), सावकारी पाश (१९२५).

बोलपट : उषा (१९३५), सावकारी पाश (१९३६), प्रतिभा (१९३७), लोकशाहीर रामजोशी (१९४७, व्ही. शांताराम यांच्यासह), विश्वामित्र (१९५२).